"उद्यापासून नक्की चालतो, डॉक्टर!"

दवाखान्यात दिवसातून दहा-बारा वेळा तरी मी एक वाक्य म्हणतो, "रोज थोडे चालत जा." त्यावर मिळणारी उत्तरेही आता मला पाठ झाली आहेत. "दिवसभर उभाच असतो की डॉक्टर, दुकानात बसायला मिळतंय कुठे?" हे एक. "घरातले काम काय कमी असते का?" हे दुसरे. "गुडघे जरा बरे झाले की सुरू करते," हे तिसरे. आणि सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे, खुर्चीवरून उठता उठता हसतमुखाने दिलेले उत्तर म्हणजे, "उद्यापासून नक्की!"

असे म्हणणाऱ्यांना मी बरीच वर्षे मनातल्या मनात आळशी ठरवत आलो. २०१६ साली मी ५१ वर्षांचा होतो. एका विम्याच्या निमित्ताने रक्त तपासायला दिले, तर प्रयोगशाळेतल्या मित्राचा फोन आला, "नमुना तुझाच ना?" उपाशीपोटी साखर ११८ आणि तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी ही चाचणी ६.३. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी आणि १२६ च्या पुढे गेली की मधुमेह म्हणतात, एचबीएवनसी ५.७ च्या आत असावी आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. म्हणजे मी उंबरठ्यावर उभा होतो. माझे वडील मधुमेही होते. त्यांच्याविषयी पुढे लिहिणारच आहे.

वाचकांना वाटेल, डॉक्टर वजनदार असतील. तसे नाही. उंची साडेपाच फूट आणि वजन ६६ किलो, म्हणजे चारचौघांत मी सडपातळच दिसतो. पण आपल्या लोकांची हीच गोम आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर फार मोठे काम केले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला. उंची आणि वजन यांच्या हिशेबाने दोघे अगदी सारखे. मात्र शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात सुमारे ९ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात सुमारे २१ टक्के! बाहेरून बारीक आणि आतून लठ्ठ, असा हा आपला देह. त्यामुळे "मी कुठे जाड आहे?" हा प्रश्न मला कोणी विचारला, की मी आता माझाच रिपोर्ट पुढे करतो.

असो. रिपोर्ट आल्यावर मी काय केले? माझ्या रुग्णांना जे करू नका म्हणून सांगतो, ते सगळे केले. त्याच संध्याकाळी पोवई नाक्यावर जाऊन महागातले बूट घेतले. पहाटे पाचचा गजर लावला आणि पहिल्याच दिवशी अजिंक्यताऱ्याची चढण धरली. साताऱ्यात राहून किल्ला चढलो नाही तर सातारकर कसले! वर पोहोचलो तेव्हा छाती भात्यासारखी चालत होती, पण मन मात्र जिंकल्यासारखे झाले होते. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दगड झाल्या. तिसऱ्या दिवशी टाच दुखू लागली. चौथ्या दिवशी रात्री दोन वाजता एका रुग्णाच्या घरून बोलावणे आले, पहाटेचा गजर बंद करून झोपलो. नवव्या दिवशी बूट कपाटात गेले. दिवाळीनंतर पुन्हा हाच प्रयोग झाला आणि या वेळी तो सहा दिवस टिकला.

तिसऱ्या खेपेला आमच्या घरातून सूचना आली, "किल्ला राहू दे. जेवण झाल्यावर कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाऊन येऊ." जाऊन-येऊन दहा मिनिटे. बूट नकोत, गजर नको, कपडे बदलायला नकोत. डॉक्टर म्हणून मला हे फारच किरकोळ वाटले होते, हे कबूल करतो. आज नऊ वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यातून जी सवय वाढली ती टिकून आहे.

यात माझी जिद्द वगैरे काही नाही. रात्रीचे जेवण कधी चुकत नाही, आणि चालणे त्या जेवणाला बांधलेले आहे, एवढेच. आपल्या जुन्या लोकांनी शतपावली सांगितली ती याच वेळेला. दिवसातल्या एखाद्या न चुकणाऱ्या गोष्टीच्या शेपटाला चालणे बांधले, की ते आठवावे लागत नाही. कोणाला सकाळचा चहा, कोणाला मुलाला शाळेच्या रिक्षात बसवणे, कोणाला दुकान बंद करणे, कोणाला संध्याकाळची आरती. प्रत्येकाने आपापली खुंटी शोधावी. पहाटे पाचलाच उठले पाहिजे असा काही शास्त्राचा दंडक नाही. ज्याला पहाटे जाग येते त्याने पहाटे जावे, बाकीच्यांनी उगीच सूर्याशी शर्यत लावू नये.

सवय मुरायला किती दिवस लागतात? एकवीस दिवस, असे आपण ऐकतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१० साली ९६ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले. पण कोणाला १८ दिवसांत जमले, तर कोणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. त्याच अभ्यासातली मला आवडलेली गोष्ट अशी, की मध्ये एखादा दिवस चुकला तरी त्याने फारसे बिघडत नाही. आपल्याकडे लग्नसराई असते, गणपती असतात, कोणाचे दहावे-तेरावे असते. दिवस चुकणारच. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट चालायला जाऊ नका, त्यानेच पाय दुखतात आणि मग तिसरा दिवसही चुकतो.

आता चालल्याने शरीरात नेमके होते काय, ते पाहू. आपण भाकरी-भात खातो त्याची साखर होऊन ती रक्तात येते. ही साखर साठवायचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू, आणि त्यातही मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू. माणूस बसून असला की या कोठाराचे दार इन्सुलिनच्या किल्लीनेच उघडते. मधुमेहात आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर ही किल्ली नीट लागत नाही. परंतु स्नायू हलू लागले की साखर आत घ्यायला त्यांना इन्सुलिनची तेवढी वाट पाहावी लागत नाही, दार आतूनच उघडते. जेवणानंतरच्या चालण्याला महत्त्व आहे ते यासाठी. साखर जेव्हा रक्तात चढू लागते, नेमके तेव्हाच कोठार उघडलेले असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका लहानशा अभ्यासात, साखर वाढू लागलेल्या दहा वृद्धांना तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालवून पाहिले. रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला, सकाळी एकदम ४५ मिनिटे चालण्यापेक्षा हा प्रकार सरस ठरला. माणसे दहाच होती हे खरे, पण आमच्या मारुतीच्या फेरीला त्यामुळे बळ आले.

याहून मोठा आणि आपल्याच देशातला अभ्यास चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचे गट पाडून तीन वर्षे पाठपुरावा केला. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना नेहमीच्या सल्ल्यापलीकडे काही दिले नाही, त्यांच्यातल्या शंभरांपैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना आहार सांभाळून रोज अर्धा तास चालण्याची सवय लावली, त्यांच्यात हे प्रमाण ३९ च्या आसपास राहिले. एका गटाला मेटफॉर्मिनची गोळी दिली होती, तिचाही आकडा जवळपास तेवढाच, ४० च्या आसपास. म्हणजे सांभाळून खाणे आणि चालणे मिळून गोळीच्या तोडीस तोड. आणि हेही पाहा, की चालूनही ३९ जणांना मधुमेह झालाच. चालणे ही जादू नव्हे. "मी रोज चालत होतो, तरी मला शुगर कशी झाली?" असे रागाने विचारणारे रुग्ण मला भेटतात. त्यांना मी सांगतो, कदाचित पाच वर्षे आधी झाली असती.

हृदयाच्या बाबतीत या साऱ्या अभ्यासाची सुरुवात लंडनच्या दुमजली बसमधून झाली, ही हकिकत मोठी रंजक आहे. डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली तेथील बसचालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांची नोकरी एकाच गाडीत. फरक एवढाच, की चालक दिवसभर बसून आणि वाहक तिकिटे फाडत दिवसभर बसचा जिना वर-खाली करणारा. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा बरेच कमी निघाले. पुढे मॉरिस यांनी गणवेशांच्या नोंदी मागवून दोघांच्या पँटच्या कमरेची मापेसुद्धा तपासली! चालकांच्या कमरा मोठ्या होत्याच, पण सगळा फरक केवळ कमरेच्या घेराने समजावता येत नव्हता. हे मॉरिस पुढे ९९ वर्षे जगून २००९ साली वारले. आपल्या एस.टी.ला जिना नाही, पण सुट्या पैशांच्या भांडणात वाहकाची होणारी धावपळ धरली तर तोही चालकापेक्षा नशीबवानच म्हणायचा.

किती चालावे, हा पुढचा प्रश्न. हल्ली मोबाइलवर पावले मोजतात आणि दहा हजार झाली नाहीत तर काही जणांना झोप लागत नाही. हा दहा हजारांचा आकडा वैद्यकातून आलेला नाही. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावले मोजणारे यंत्र विकायला काढले, त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे मोजयंत्र' अशा अर्थाचे होते. आकडा गोल, जाहिरातीला सोयीचा. तो जगभर रूढ झाला. पुढे अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे सतरा हजार स्त्रियांची पावले मोजली गेली. २०१९ साली आलेल्या त्या अभ्यासात, दिवसाला २७०० च्या आसपास पावले टाकणाऱ्यांपेक्षा ४४०० टाकणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा फारसा दिसला नाही. ज्यांची प्रकृती मुळात बरी तेच जास्त चालतात, हेही त्यात धरायला हवे. तरीपण माझ्या लेखी यातली मोलाची गोष्ट अशी, की सगळ्यांत मोठा लाभ पदरात पडतो तो अजिबात न चालणाऱ्याने थोडेसे चालायला लागल्यावर. आठ हजारांवरून दहा हजारांवर जाणाऱ्याला मी शाबासकी देईन, पण माझे लक्ष शून्यावर बसलेल्याकडे असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. तो सलग अर्धा तासच हवा असेही नाही. सुरुवातीचे दोन आठवडे दहाच मिनिटे चालावे आणि मोह झाला तरी वाढवू नये. पुढे दर आठवड्याला पाच मिनिटे. महिना-दीड महिन्यात अर्धा तास होतो. वेग त्यानंतर. चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. घड्याळ लावून पाहायचे असेल तर मिनिटाला साधारण शंभर पावले. चढण सर्वांत शेवटी. मी चढणीपासून सुरुवात केली होती, म्हणून हे ठासून सांगतो.

गुडघेदुखीवाल्यांसाठी दोन शब्द. सांधे झिजले म्हणून बसून राहिले की मांडीचा स्नायू वाळतो आणि गुडघ्यावर भार आणखी पडतो. सपाटीवर, बेताने, मऊ तळव्याचे पादत्राण घालून चालावे. चालताना थोडे दुखले तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल किंवा गुडघा सुजला असेल तर वेळ कमी करावा.

आता माझ्या वडिलांविषयी. त्यांना पंधरा वर्षांचा जुना मधुमेह होता आणि चालण्याची त्यांना मनापासून आवड होती. संध्याकाळी राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत जाऊन येत. १९९४ साली एकदा ते नेहमीसारखे घरी आले, पाय धुताना आईला फरशीवर रक्त दिसले. चपलेच्या तळव्यातून एक चूक वर आली होती आणि अंगठ्याखाली रुतली होती. ती पायात घेऊन ते सगळा राजपथ चालून आले होते आणि त्यांना काहीही जाणवले नव्हते. जखम चिघळली. महिन्याभराने अंगठा काढावा लागला. मी तेव्हा दवाखाना सुरू करून दोन वर्षे झाली होती. दिवसभर लोकांचे पाय तपासत होतो, घरातल्या पायांची जाणीव गेली आहे हे तपासायचे मला सुचले नव्हते.

मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. म्हणून मधुमेही माणसाने चालायला सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडून पायांची जाणीव तपासून घ्यावी. चप्पल किंवा बूट घालण्यापूर्वी रोज आत हात फिरवून पाहावा. खडा, चूक, दुमडलेले अस्तर हाताला लागते, पायाला लागत नाही. रात्री झोपताना तळवे पाहावेत. स्वतःला वाकून दिसत नसतील तर नातवाला पाहायला सांगावे, किंवा आरसा जमिनीवर ठेवावा. अनवाणी चालू नये. देवळातली तापलेली फरशी असो, नवस असो, की पहाटेच्या दवातले गवत असो, बधिर पायाला अनवाणी चालणे परवडत नाही. नवे पादत्राण संध्याकाळी घ्यावे, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो, आणि पहिल्या दिवशी अर्धा तासच घालावे. फोड आला तर तो फोडू नये, ब्लेडने कुरूप कापू नये, सरळ डॉक्टरांकडे यावे.

जे इन्सुलिन घेतात, किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेतात, त्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये. खिशात चार चमचे साखरेची पुडी असावी. अचानक घाम सुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच बसावे आणि साखर तोंडात टाकावी. घरी जाऊन खाऊ, असे म्हणू नये.

आणखी एका गोष्टीवर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तिच्यावाचून हा लेख अपुरा राहील. काही वर्षांपूर्वी ६१ वर्षांचे एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे आले. म्हणजे त्यांना पत्नीने जवळजवळ ओढूनच आणले. गुरुजी मित्रमंडळींबरोबर रोज सकाळी चार भिंतीपर्यंत चढून जात. तीन आठवड्यांपासून चढणीवर त्यांच्या छातीत जड वाटे, डाव्या खांद्यापासून जबड्यापर्यंत काहीतरी आवळल्यासारखे होई. दोन मिनिटे उभे राहिले की सगळे नाहीसे. "गॅसेस आहेत हो, रात्री उसळ खाल्ली की होतं," असे गुरुजींचे निदान. मंडळातल्या एकाने त्यांना सोडा प्यायला सांगितले होते, दुसऱ्याने "चालून चालून मोकळं होईल" असा धीर दिला होता.

मी कार्डिओग्राम काढला. तो अगदी सरळ आला. गुरुजी विजयी मुद्रेने पत्नीकडे पाहू लागले. वाचकांनी हे नीट लक्षात ठेवावे, की स्वस्थ पडलेल्या माणसाचा कार्डिओग्राम चांगला आला म्हणजे हृदय निर्धोक आहे असे होत नाही. चालताना येते आणि थांबल्यावर जाते, हे दुखणे हृदयाच्या रक्तपुरवठ्याचे असण्याची दाट शक्यता असते. पोटातला वायू रस्त्याचा चढ पाहून येत नाही. मी त्यांचे चालणे त्याच दिवशी बंद केले आणि पुढच्या तपासण्यांना पाठवले. दोन रक्तवाहिन्या बऱ्याच अरुंद झालेल्या सापडल्या, दोन्हींत स्टेंट घालावे लागले. तीन महिन्यांनी, हृदयतज्ज्ञांच्या परवानगीने, गुरुजी पुन्हा चालू लागले. आता सपाटीवर, गोडोलीच्या बाजूला. पण त्याच मंडळात आणखी एक जण होते, त्यांनाही चढणीवर असेच होत असे. गुरुजींचे ऐकून ते "पुढच्या आठवड्यात दाखवतो" म्हणाले होते. तो आठवडा त्यांना मिळाला नाही.

चालताना छातीत, जबड्यात, हातात किंवा वरच्या पोटात दाब, आवळ, जळजळ आली, नेहमीच्या अंतराला नेहमीपेक्षा जास्त धाप लागू लागली, चक्कर आली, तर थांबावे आणि दुसऱ्या दिवशीची वाट न पाहता दाखवावे. थांबल्यावरही दुखणे पाच-दहा मिनिटांत गेले नाही, तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. ज्यांना आधीपासून हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्यांनी वेग वाढवण्यापूर्वी तपासून घ्यावे. मारुतीपर्यंत दहा मिनिटे रमतगमत जायला मात्र बहुतेकांना कसल्याही तपासणीची गरज नसते. तपासणीच्या नावाखाली सुरुवात लांबवू नका.

रस्त्याविषयी सांगायला हवे. आपल्या जिल्ह्यात गळीत हंगामात पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या धावत असतात, त्यांतल्या कित्येकांच्या मागे लाल दिवा नसतो. पदपथ नसेल तिथे उजव्या बाजूने, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे. पांढरा सदरा घालावा. चौघांनी मिळून रस्ता अडवत चालू नये. कानात गाणी लावून तर नकोच, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. थंडीच्या दिवसांत हृदयरोग्यांनी ऊन वर येऊ द्यावे. पावसाळ्यात आम्ही दोघे घरातल्या घरात, सोप्यापासून परसदारापर्यंत फेऱ्या घालतो. २०२० साली टाळेबंदीत तर हजारो लोक गच्चीवर चालले, पायांना काही फरक कळला नाही.

वजनाबद्दल मात्र भलत्या आशा ठेवू नयेत. अर्धा तास चालण्यात जेमतेम दीडशे कॅलरी खर्च होतात आणि एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. साताऱ्यात सकाळी फिरून आल्यावर मिसळीच्या दुकानात जमणारी कितीतरी मंडळे मला ठाऊक आहेत. परतताना कंदी पेढ्याचा पुडाही घेतात. नऊ वर्षांत माझे वजन दोन किलो उतरले आहे, फक्त दोन. कंबर मात्र दोन इंच कमी झाली आणि वरचा रक्तदाब १४० वरून १२८ वर आला. एचबीएवनसी पहिल्या वर्षातच ६.३ वरून ५.८ झाली, मध्ये एकदा ६.१ वर चढली होती, गेल्या तपासणीत ५.९ आहे. उंबरठ्यावरून मी पूर्णपणे बाहेर आलेलो नाही. आतही गेलेलो नाही.

जाता जाता एक पत्र. कोरेगाव तालुक्यातून एका भगिनीने लिहिले आहे: "वय ४४. साखर नुकतीच वाढलेली आढळली. दिवसभर शिलाई मशीनवर बसून काम असते. तुम्ही मागे लिहिल्याप्रमाणे रात्री जेवणानंतर दोन दिवस चालायला गेले, तर सासूबाई म्हणाल्या, सुनेने रात्रीचे रस्त्यावर हिंडणे गावात दिसायला बरे दिसत नाही. काय करू?"

ताई, सासूबाईंना शत्रू समजू नका. त्यांचे वय पासष्टीच्या पुढे असणार, आणि त्यांना जेवण झाले की लगेच आडवे व्हायची सवय असणार, असा माझा अंदाज आहे. त्यांना बरोबर घ्या. देवळापर्यंत जाऊन येऊ, असे म्हणा. देवळाला गावात कोणी नावे ठेवत नाही. पहिले आठ दिवस त्यांच्या पावलाने चाला. मशीनवर बसलेल्या असताना दर तासाला उठून पाण्याचा तांब्या भरायला जा, मुद्दाम लांब ठेवा तो. आणि निघताना सासूबाईंची चप्पल हातात घेऊन आतून एकदा चाचपून पाहा. त्यांची साखर अजून कोणी तपासलेली नसेल, तर तुमच्याबरोबर त्यांनाही पुढच्या खेपेला घेऊन या.